अर्धी पवित्र भाकर

प्रिय नमे,

तुझा मोबाइलवरचा निरोप ऐकला. सासूची सेवा हीच तुझी प्रार्थना आणि तुझं घर हेच तुझं चर्च, असं म्हणालीस. तू कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर झालीस, तुला ते दिसतं, आणि खोटंही नाही. आईंची पाठ पुसताना, चादर बदलताना कधीकधी मन इतकं शांत होतं की हे हात माझेच का, असं वाटतं. पण चर्चमधून लोक मिस्सा संपल्यावर बाहेर पडतात, नमे. मी नाही पडत.

खुबा मोडल्यापासून आईंना एकटं सोडता येत नाही. नवऱ्याची मदत म्हणावी, तर प्रफुल सकाळीच जाम गावच्या हॉटेलवर कामाला जातो, रविवारीसुद्धा. मिस्साला निघालेली माणसं मी खिडकीतून पाहते.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या चर्चचे कृष्णकांत सर फादरांच्या वतीने आईंसाठी कम्युनियन आणतात. मी पांढरं कापड अंथरते, मेणबत्ती धरते. त्यांच्या डबीत पवित्र भाकर एकच असते. आजारी माणूस एकच ना. मी कधी माझ्यासाठी मागितली नाही. मागायचं तरी कसं? या खेपेला आईंनी तोंडच मिटून घेतलं. सर गोंधळले. तशा आई म्हणाल्या, "इले काऊन उपाशी ठेवता, सर? हे का मेणबत्ती धराचा खांब होय?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच घरात आले. मग भाकर मोडून अर्धी मला दिली. माझ्या हातांना फिनेलचा वास येत होता. आमेन म्हणताना रडू फुटलं, तर आई म्हणतात, "आता रडू नोको वं, मेण सांडून राह्यलं!"

ज्यांच्यामुळे अडकले, त्यांनीच मला पाहिलं. म्हणून रागावता येत नाही. आणि तरी बाहेर पडावंसं वाटतं, रोज.

हे लिहायचं कारण सांगते. मे महिन्यात तुला घरी यायची सुट्टी मिळते, ती या वर्षी माझ्याकडे काढ. मला रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचंय. मिस्सा झाल्यावर बायकांशी उगाच बोलत थांबायचंय. तू नाही म्हणालीस तर मला दुसरं कोणी नाही. आणि आलीस की एवढं सांभाळ: आईंना कुशीवर वळवण्याआधी "आई, वळवते हं" असं सांगायचं. न सांगता हात लावला की त्या फार दचकतात.

तुझ्या होकाराकडे कान लावून बसलेली, तुझीच
सरोजताई