घेवड्याची साक्ष

२९ मे

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ बरी असेल. माझा डोळा उत्तम आहे. कुंपणापलीकडून तू माझे वाफे चोरून बघतोस, तेही स्वच्छ दिसतं.

आता मुद्दा. मंगळवार, ४ मार्च, सकाळी सव्वादहा. मी डोळ्याचं ऑपरेशन होऊन, पट्टी बांधून दवाखान्यात पडलेली, आणि तू घोड्यांच्या तबेल्यातलं ट्रॉलीभर खत माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात ओतलंस. मला न विचारता. घरी आल्यावर मी एवढंच विचारलं, त्या घोड्यांचं गवत येतं कुठून? तर म्हणालास, "ताई, लीद म्हणजे जमिनीला अमृत. तिला कसली तपासणी?"

जन्मभर लोकांचं रक्त तपासलेल्या बाईला हे ऐकवतोस? मी जे बोलले ते तुझ्या सुनेसमोर बोलले, मोठ्यांदा बोलले आणि योग्यच बोलले. त्यावर तू रुसलास. साठीत.

खताशी माझं वैर नाही. त्याने माती भुसभुशीत होते, पाणी धरते, गांडुळं नांदतात. पण गवतावर तणनाशक मारलेलं असेल तर ते घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि खतात मुरून बसतं. घोडा ठणठणीत, टोमॅटो आडवा. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, विश्वास देवावर ठेवा, बाकी सगळं तपासून घ्या.

म्हणून निम्म्या कुंड्यांत नुसती माती भरली, निम्म्यांत तुझं अमृत मिसळलं, आणि सगळ्यांत घेवडा पेरला. नुसत्या मातीतला तरारून आला. अमृतातल्याची पानं मूठ आवळावी तशी वळली. खटला संपला.

वाफा वाया घालवला नाही. तिथे मका लावला, त्याला हे विष बाधत नाही. माझ्या डोक्यावर गेलाय. आता लोक तपासून घ्यायला माझ्या पायरीवर खताच्या बादल्या आणून ठेवतात. आपल्या गल्लीतला गवंडीसुद्धा बादली घेऊन आला. म्हटलं, तुझ्याकडे तर एकच गुलाब आहे. म्हणाला, "बाई, एकच आहे म्हणून तर."

आणि तुझी बायको. मागच्या दाराने त्याच तबेल्यातलं पिशवीभर खत घेऊन आली. "वन्सं, ह्यांना सांगू नका." मी वळलेल्या पानांची कुंडी दाखवली. दुसऱ्याच दिवशी तुझ्या शेतावर आलेली ट्रॉली फाटकातून परत गेली. तुझा अख्खा टोमॅटो वाचला. जागा नाही, असं तू ड्रायव्हरला सांगितलंस म्हणे.

जाता जाता ती आणखीही एक बोलली. ते खत माझ्या वाफ्यात तू मजूर न लावता स्वतः कालवलंस, ती पाठ घेऊन. वाकायचं नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ऐकलं होतंस तू. तिने सांगायच्या आधीच मला ते कळलं होतं. त्यावर मी काही लिहिणार नाही.

पलीकडचा वाफा स्वच्छ आहे, घेवड्याने पास केलेला. टोमॅटोची रोपं तयार आहेत आणि ती कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत. वाकलं की मला अजून अंधारी येते.

तरी येत्या रविवारी, १ जूनला, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. त्यात 'चुकलं' हा शब्द हवा, आणि लावणीला कधी येतोस ते. बायकोच्या हाती पाठवलेलं चालणार नाही. स्वतः आणून द्यायचं.

रोपांना पाणी घालत बसलेली,
तुझी ताई