चार्जिंगचा डबा कोणाच्या भिंतीला

सोम. २ फेब्रु.

मुद्दाम नाही बोलले मी. कोणाचं वाईट व्हावं म्हणून तर मुळीच नाही. काल मीटिंग दोन तास चालली. सेक्रेटरी पाटणकर जिन्यातल्या दिव्यांवरून पुढे सरकत नव्हते, माझा डोळा ठणकत होता. मोतीबिंदू काढून आठ दिवस झाले. त्यात वैशालीच्या गाडीचा विषय. वैशाली म्हणजे माझ्या डोक्यावर राहणारी, पहिल्या मजल्यावरची. विजेवरची गाडी घेतली तिने, खाली पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट पाहिजे, त्याला सोसायटीची परवानगी लागते. एक म्हणतो पेटतात या गाड्या, दुसरा म्हणतो नाही पेटत. मग सगळ्या माना माझ्याकडे. "मावशी, तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात होतात, तुम्ही सांगा."

म्हणलं, बॅटरी काय आन् दारू काय, एकच. आणि उठून आले.

एवढंच झालं.

मंगळ. ३

पाटणकरांनी बोर्डावर कागद लावलाय. एक डोळा झाकून वाचला. "दारूगोळा क्षेत्रातील अनुभवी सभासद श्रीमती इंदूबाई यांच्या मते बॅटरी व स्फोटक द्रव्य यांत फरक नाही, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे."

सबब हा शब्द मी जन्मात उच्चारला नाही. सातवी शिकलेली बाई, मला क्षेत्र कुठलं.

संध्याकाळी वै. आली थेंब टाकायला. नर्स आहे, ऑपरेशनपासून दोन्ही वेळा तीच टाकते. मी टाकले की गालावर पडतात. रोज आली की बडबड. वॉर्डात काय झालं, महेशने डब्यात काय ठेवलं. (महेश नवरा. चाकणला कंपनीत.) आज अंगठ्याने पापणी वर केली, थेंब टाकला, बाटलीचं झाकण लावलं, गेली. एक शब्द नाही.

पापणी धरताना हात मात्र नेहमीसारखाच हलका.

बुध. ४

सकाळी थेंब. गप्प. संध्याकाळी उशीर झाला, गप्प.

उशिराचं कारण महेशकडून कळलं, जिन्यात. आता ती ड्युटीवरून येताना वाकडेवाडीला सार्वजनिक पॉइंटवर थांबते. पुढे दोन गाड्या असल्या की गेला दीड तास. गॅसची गाडी होती तेव्हा पंपावर असंच. पहाटे रांग, ड्युटीला उशीर, मेट्रनची बोलणी. त्याला कंटाळून ही गाडी घेतली ना तिने. आणि परत रांगेतच उभी केली मी तिला.

महेश म्हणाला, "असू द्या मावशी, तुमचा काय दोष." हे असं म्हणतात ना तेव्हा दोष आपलाच असतो.

खरं काय ते इथे लिहून ठेवते. मी बोलले ते वायर बघून. मीटिंगला जाताना दिसली. वै.च्या बाल्कनीतून खाली सोडलेली, दोन ठिकाणी पट्टी मारून जोडलेली, आणि खालचा बोर्ड गाडी धुतात त्या पाण्यात. अंगावर काटा आला. एकतीस वर्षं कारखान्यात भरणीच्या खोलीत, गोळ्यांत दारू भरतात तिथे, काढली मी. असली वायर तिथे कोणाच्या स्वप्नात आली असती तरी त्याला गेटबाहेर काढला असता. तेच सांगायचं होतं. सांगितलं काय, तर बॅटरी आणि दारू.

एक वाक्य जास्त बोलायचा कंटाळा.

गुरु. ५

पार्किंग बघून आले. काठी घेऊन, सावकाश, कोपरान् कोपरा. वीस वर्षं इथे राहते, कधी असं बघितलंच नव्हतं.

पाटणकरांच्या स्कूटरमागे पेट्रोलचे दोन कॅन. झाकण एकाचंच घट्ट. शेजारी कोणाच्या तरी जुन्या गाद्या, कापूस बाहेर आलेला. त्यावर टीव्हीचे खोके. वाळूच्या बादलीत मांजराने पिल्लं घातलेली. आग विझवायचं लाल नळकांडं आहे, काटा पार खाली. मीटरच्या खोलीत झाडू आणि दिवाळीचे आकाशकंदील.

आणि ही मंडळी बॅटरीला घाबरतात.

कारखान्यात आम्ही काही वाघ नव्हतो. गेटवर झडती. काडेपेटी नाही, केसात लोखंडी पिन नाही, चपला बाहेर. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी, आत किती माणसं आणि किती माल. एक माणूस जास्त दिसला की काम बंद. एवढ्या वर्षांत मला साधा चटका बसला नाही तो धीट होते म्हणून नाही. पाटी वाचत होते म्हणून.

बिल्डिंगच्या वायरमनला बोलावलं, सलीमभाई. विचारलं, नीट करायचं तर कसं. म्हणाला, "मीटरपासून वेगळी लाइन, स्वतःचा स्विच, खाली अर्थिंगचा खड्डा, भिंतीवर बंद डबा. काही बिघडलं की डबा आपोआप बंद पडतो. तुमच्या गीझरला घाबरता का मावशी?"

म्हणलं, गीझरला मी रोज घाबरते. म्हणूनच अजून आहे.

हसला. मला नाही हसू आलं.

शुक्र. ६

डोळा दाखवायला जायचं होतं. रिक्षा बघते म्हणलं तर वै. किल्ली घेऊन खाली उभी. "बसा." तीन दिवसांत तोंडातून निघालेला पहिला शब्द.

बसले. गाडी सुरू कधी झाली कळलंच नाही. घरघर नाही, धक्का नाही, गिअर नाही. एरवी दोन माणसं गप्प बसली तरी इंजिन तेवढं भरून काढतं. इथे काहीच नाही. तिच्या बांगडीचा आवाज येत होता. मी श्वास जरा मोठा घेतला तर तोही ऐकू आला. खडकी स्टेशनपासून शिवाजीनगरपर्यंत असं. मी खोटं खोकले.

सिग्नलला बाजूला टेम्पो, धूर ओकतोय. तेव्हा बोलली. माझ्याकडे न बघता.

"मावशी, माझी गाडी तुम्हाला नको होती तर मला सांगायचं. सगळ्यांपुढे कशाला?"

म्हणलं, गाडी नको असं नाही, ती वायर...

"वायर मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी काढणार होते. वायरमनला सांगून झालं होतं."

मी पदर नीट केला.

"मी छातीच्या वॉर्डात काम करते. दिवसभर धापा टाकणारी माणसं बघायची आणि घरी निघताना आपणच धूर सोडत निघायचं. नको वाटायचं. कोणाला शिकवायला नव्हती घेतली. मला नको वाटायचं, एवढंच."

सिग्नल सुटला. मग म्हणाली, महेशने मोशीला फ्लॅट बघितलाय. तिथे प्रत्येकाच्या जागेला पॉइंट आहे. त्याला चाकणही जवळ. रविवारपर्यंत होकार कळवायचाय.

मोशी. म्हणजे थेंबांचं राहू दे, दुकानातून दही आण म्हणायलासुद्धा कोणी...

डॉक्टर म्हणाले डोळा उत्तम.

शनि. ७

आज पाटणकरांच्या दारात गेले. म्हणलं, पुन्हा मीटिंग बोलवा.

"अहो, विषय संपला. आपल्याच मतावर ठराव झालाय."

"मत बदललं."

"मत असं बदलत नसतं इंदूबाई. इतिवृत्त झालंय."

म्हणलं, मग पेट्रोलच्या कॅनचं इतिवृत्त मी लिहिते आणि अग्निशमनवाल्यांना पाठवते. अक्षर वाईट आहे, पण वाचतील ते.

"ते पेट्रोल अत्यावश्यक प्रसंगासाठी आहे."

"प्रसंग येईलच त्याने."

उद्या अकराला मीटिंग.

डिझेल गाडी त्यांची. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दहा मिनिटं गरम करतात. गजांवरून बोट फिरवलं की काळं. वीस वर्षं पुसतेय, कधी बोलले नाही, उगाच कशाला म्हणून. वै.ची गाडी साडेपाचला निघते ते मला उठल्यावर जागा रिकामी दिसली की कळतं. हे सुद्धा मीटिंगमध्ये सांगता आलं असतं. त्या दिवशी.

रवि. ८

मीटिंग. लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

उठले, म्हणलं, गेल्या वेळी मी बोलले ते चुकीचं होतं. चुकले असं लिहा.

पाटणकर, "इतिवृत्तात चुकले असं लिहिता येत नाही. 'सुधारित मत' लिहिता येईल."

"काय वाटेल ते लिहा. दारू कशाने पेटते ते मला माहीत आहे. अडगळ, घाई आणि अर्धवट वायर. तिन्ही आपल्या पार्किंगमध्ये आहेत, आणि त्यातलं वैशालीचं एकच होतं." गाद्या, खोके, नळकांडं, सगळं सांगितलं. गाद्यावाले खाली बघायला लागले. मग खिडकीच्या गजांचं सांगितलं. पाटणकर चष्मा पुसायला लागले.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा वानखेडे उठला. चंद्रपूरकडचा, कॉम्प्युटरवाला. "मावशी, वीज कुठून येते माहीत आहे न? तो कोळसा आमच्याच गावाकडे जळते. तुमच्या खिडकीतला धूर गेला, आमच्या मायच्या खिडकीत आला."

म्हणलं, खरं आहे तुझं. वाटलं, गेलं हे पण.

मग तोच म्हणाला, "पण मी हो म्हणतो. गाडीचा धूर तर काही केल्या बंद होत नाही. वीज कोळशाशिवाय पण आणता येते. गच्चीवर ऊन पडूनच आहे. पण त्याचा विषय आज काढत नाही, जेवायचं आहे."

आता होईल म्हणता पाटणकर म्हणाले, "ठीक. डबा कोणाच्या भिंतीला?"

आणि सगळे मागे सरले. आमच्या भिंतीला नको, वर मुलं झोपतात. आमच्या नको, मागे देवघर आहे. जबाबदारी कोण घेणार. पॉइंट व्हावा, फक्त आपल्याकडे नको. वै. मागच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर, निघायच्या तयारीत. महेश फोन हातात घेऊन बाहेर जायला उठला. मोशीवाल्याला होकार द्यायला, दुसरं काय.

आमच्या भरणीत एक सुपरवायझर बाई होत्या. खोली तपासून ठीक म्हणाल्या की पहिला तास स्वतः आत बसायच्या. विणकाम पण नेता यायचं नाही, नुसत्या बसायच्या. मग आम्ही जायचो. कोणी कधी विचारलं नाही, ठीक आहे का.

म्हणलं, माझ्या भिंतीला लावा. पार्किंगच्या बाजूची. माझा पलंग आहे तिला लागून.

"पलंग हलवणार का?" पाटणकर.

"नाही."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. अटी: कॅन बाहेर, गाद्या बाहेर, नळकांडं नवं, सलीमभाईचं काम, वीजवाल्यांची तपासणी. आणि माझं लेखी. दिलं तिथल्या तिथे.

महेश आत आला तोपर्यंत मीटिंग उठली होती. त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही.

सोम. ९

वाटलं होतं आज बोलेल.

बोलली. थेंब टाकून झाल्यावर, उभ्या उभ्या. "मी मागितलं होतं का मावशी? तुमचा पलंग, तुमची भिंत. उद्या काही झालं तर मी काय करू? सगळ्यांपुढे मला नाही म्हणायचं पण तुम्हीच, आणि सगळ्यांपुढे उपकार पण तुम्हीच करायचे."

म्हणलं, उपकार कसले.

"मग काय आहे?"

डोळ्यातला थेंब गालावर आला. तो थेंबच होता. पुसला.

"मोशीचं?" विचारलं मी.

"महेशने काल हो सांगितलंय. पण कागद व्हायचेत." गेली.

संध्याकाळी राजूचा फोन, बंगलोरहून. कोणी तरी सांगितलं त्याला. "आई, झोपायच्या खोलीची भिंत? तुला कळतंय का?" म्हणलं, तुझ्या बापापेक्षा जास्त दारू मी हाताळली आहे. तो प्यायचा ती नाही. "ते नाव आत्ता मधे आणू नको." मग बराच वेळ लिथियम वगैरे. शेवटी म्हणाला, लेखी दिलेलं परत घे. म्हणलं, इतिवृत्त झालंय.

पहिल्यांदा पाटणकरांचा उपयोग झाला.

बुध. ११

गाद्या गेल्या. मांजराची पिल्लं खोक्यात हलवली. कॅन कुठे गेले माहीत नाही, पाटणकरांनी मला बघून मान वळवली. आज सकाळी गाडी गरम केली त्यांनी, पण फाटकाबाहेर नेऊन.

भीती वाटते. इथे लिहायला काय. पलंगावर पडलं की पाठीमागे भिंत आहे हे आधी कधी जाणवत नव्हतं. पण एकतीस वर्षं रोज सकाळी वाटायची ती तीच आहे, ओळखीची आहे. ती गेली की माणूस पाटी वाचायचं सोडतो.

गुरु. १२

सलीमभाईने भोकं पाडली. घरभर विटांची लाल धूळ. वेगळी लाइन ओढली, अर्थिंगचा खड्डा केला, मी काठी टेकून शेवटपर्यंत उभी. डबा लागला. पांढरा, छोटासा. अजून जोडला नाही, वीजवाले तपासायला मंगळवारी येणार. मोशीचे कागदही मंगळवारीच, महेश म्हणाला.

वै. ड्युटीवरून आली, वाकडेवाडीला थांबून, उशिरा. डब्यासमोर उभी राहिली. पर्स खांद्यावर, किल्ली हातात. हात लावून बघितला नाही.

"मावशी, आम्ही गेलोच, तर हा काढून टाकायचा का?"

मी डब्यावरची विटांची धूळ पदराने पुसली. ती थांबली. मग वर गेली.

राजूला कळवलंय, महेशला सांगितलंय, पाटणकरांना खिडकीतूनच सांगितलं. मंगळवारपर्यंत मला कोणी काही विचारू नये. या विषयावर मी एक अक्षर बोलणार नाही. इथेही नाही.