वडील आल्या

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा चुकले! गीत संपलं आणि सवयीने गुडघे टेकले. बाकी सगळे बाकांवर ताठ. शेजारची मुलगी कुजबुजली, "आंटी, काही पडलं का? शोधू?"

हे गेल्यापासून ह्यांच्या बाकावर जाऊन बसते. लग्न झाल्यापासून दर रविवारी आमच्या दोन वाटा – हे आपल्या प्रेस्बिटेरियन चर्चला, मी माझ्या शाळेच्या सिस्टरांच्या कॅथलिक चॅपलला.

उपासनेनंतर नव्यांसाठी वर्ग. पाळक माझ्या मोठ्या लेकीच्या वयाचे. म्हणाले, "इथे फादर नाहीत, बिशप नाहीत. मंडळी आपल्यातूनच वडील निवडते, तेच पाळकाबरोबर कारभार बघतात. या आठवड्यात वडील तुमच्या घरी येतील."

माझे वडील जाऊन किती वर्षं झाली. दचकलेच!

७ जानेवारी, मंगळवार

वडील आल्या. हो – आल्या! दातांच्या डॉक्टरीणबाई. दार उघडून मी त्यांच्या पाठीमागे बघतेय, वडील कुठे राहिले! "मीच वडील," त्या म्हणाल्या. "घरी मुलं चिडवतात – आमची आईच वडील." हे गेल्यावर मी पहिल्यांदा हसले. मग घर जास्तच रिकामं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

वर्गात कुणीतरी विचारलं, मृतांसाठी प्रार्थना करता का? पाळक म्हणाले, "नाही. ते देवाच्या हाती आहेत. आपण आणखी काय मागणार?"

पुढचं मला ऐकूच आलं नाही.

माझी धाकटी. जन्मली आणि दुसऱ्या दिवशी गेली, बाप्तिस्म्याआधीच. म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "बिचारी स्वर्गाच्या वेशीवरच थांबली असेल गं. प्रार्थना सोडू नकोस." नाही सोडली. एक दिवस नाही. रोज तिला थोडं थोडं आत ढकलत आले. आणि आता म्हणतात, करत नाही! मग तिला आत कोण नेणार?

ह्यांनी तर तिचा विषय पुन्हा कधी काढला नाही. विसरले, असंच मी धरून चालले. माणूस गेलं तरी राग जात नाही. हे कुणाशी बोलू?

१३ जानेवारी

मोठीचा फोन उचलला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. दात दुखतो म्हणून. कसला दात! खुर्चीत आडवी, तोंडाचा आ – आणि हुंदकाच फुटला. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला. "बाप्तिस्मा ही खूण आहे हो. खूण राहून गेली म्हणून देव लेकराला विसरेल का? आपल्या लोकांशी त्याने करार केलाय, त्यात त्यांची मुलंही आली. जिच्या हाती काहीच नव्हतं, तिलाही त्याने उचलून घेतलं. कृपा म्हणतात ती हीच."

मग एकदम थांबल्या.

"अगबाई... मी नवी वडील झाले तेव्हा तुमच्या मिस्टरांना विचारलं होतं, मुलं किती? म्हणाले, दोन मुली. एक परगावी, एक घरी. मला वाटलं, धाकटी तुमच्याजवळच असते. चर्चला कशी दिसत नाही म्हणून मी त्यांना टोमणासुद्धा मारला हो!"

"काय म्हणाले हे?"

"हसले. म्हणाले, ती आमच्या आधी पोहोचते."

१९ जानेवारी, रविवार

आज तिच्यासाठी काही मागितलं नाही. नुसती दोघांची चौकशी केली.