घराबाहेरची सदस्य

प्रिय सूनबाई,

हे संबोधन कागदोपत्री आता चालत नाही, कळतं मला. पण 'प्रिय' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. नावानं मी तुला कधी हाक मारली नाही, आता म्हातारपणी कुठे नवी जीभ आणू? खटकलं तर तेवढं खोडून पुढचं वाच.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझ्या आईचे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठड्याला धरून आडवं उतरायचं असं मी त्यांना सांगितलं होतं, ऐकतात का? बाबांचा खोकला थांबला का, की अजून सकाळी सगळी गल्ली जागी करतात? धाकट्या भावाची पाठ? खुर्ची बदल म्हणावं, मलमानं काही व्हायचं नाही. आणि ती आपली जाडी मांजर? तुझ्याबरोबर गेली तेव्हा एकदाही मागे वळून पाहिलं नाही कृतघ्न बाईनं. माझी मांडी अजून तिच्या आकाराची आहे, सांग तिला. आणि तू कशी आहेस? उन्हातून आलीस की तुझं डोकं चढायचं. पाणी पितेस ना? माझं ठीक चाललंय. साखर ताब्यात आहे, कान तेवढे रजेवर गेलेत. आमचे चिरंजीव रविवारी येऊन जातात, शर्टाला स्वतः इस्त्री करतात. त्याच्याविषयी एवढंच. जास्त सांगून तुला अवघडायला नको.

तर टीव्हीची गोष्ट. माझ्या बाजूनं काय झालं ते तुला ठाऊक नसणार. संध्याकाळचा चहा घेऊन बसले होते. मेंढ्या राखणाऱ्या त्या कुटुंबाची मालिका लावली. त्यात कुणी फार बोलत नाही, बोललं तरी खाली अक्षरं येतात, म्हणजे माझ्या कानांची सोयच. तर मेंढ्यांच्या जागी पडद्यावर पाटी आली, की हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्याच बैठकीत, आपल्या भाड्यानं कॅसेटी द्यायच्या दुकानाच्या ज्या जुन्या काउंटरवर हा टीव्ही ठेवलाय त्याच्यासमोर बसून मी घराबाहेरची! शेजारच्या पोस्टमास्तरांना हाक मारली, तर त्यांना तेवढंच हवं होतं. त्यांचं या सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या कंपनीशी आधीच वाकडं. त्यांनी निम्मा पाहून ठेवलेला सिनेमा कंपनीनं एक दिवस यादीतूनच उचलला, भरल्या ताटावरून उठवावं तसं. मग मध्येमध्ये जाहिराती घुसवल्या. ते तक्रारी लिहितात, कंपनीकडून एकच उत्तर फिरून फिरून येतं, आणि हे त्या उत्तरातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून ठेवतात. निवृत्त माणसाला कंपनीनं काम दिलं म्हणायचं.

मीही मदतीच्या नंबरावर फोन लावला. पोरगी गोड बोलणारी होती. 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं की मला हसूच आलं. गिऱ्हाईक तापलं की मीही दुकानात हेच करायचे. मान हलवायची, हात कामात ठेवायचे, वाफ निघून जाऊ द्यायची. मी तिला म्हटलं, बाळ, मी काउंटरच्या तुझ्या बाजूला जन्म काढलाय, मला समजावू नकोस, नियम काय तो सांग. मग ती माणसात आली. म्हणाली, आजी, नवा नियम आहे, एक खातं एक घर. सकाळपासून सगळे मलाच शिव्या घालतायत.

मला आपले दिवस आठवले. आम्ही कॅसेटी काढून डिस्क आणल्या तेव्हाची गल्ली तू पाहिली आहेस. आम्हाला वाटलं होतं, लोक खूश होतील. चित्र स्वच्छ, गुंडाळायची कटकट नाही, बुरशी नाही. कसलं काय! एक टॅक्सीवाले काका डिस्क हातात घेऊन म्हणाले, याला वजनच नाही, यात सिनेमा मावला कसा? शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी तर बोलणंच टाकलं. एक रडका सिनेमा त्या आठवड्याआड न्यायच्या. त्यांच्या आवडत्या जागी कॅसेट इतकी झिजली होती की नायिकेचा चेहरा दिसायचाच नाही, नुसता पाऊस दिसायचा. डिस्कवर तो चेहरा लख्ख दिसला तर म्हणाल्या, ही ती नव्हेच.

आणि एक कॉलेजातली मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझ्याशी भांडली होती. तिच्या घरी कॅसेटचंच यंत्र होतं आणि तिचे बाबा नवं घेणार नव्हते. गिऱ्हाइकांसमोर तिनं मला विचारलं, "तुम्ही नवं आणलंत ते चांगलंच आहे, पण आम्ही जुने कुठे जायचं?" ह्यांनी त्याच दिवशी रद्दीत निघालेल्या कॅसेटी परत आणून मागच्या भिंतीला एक फळी ठोकली. फळीवरचं न्यायला तू येत राहिलीस, आणि आमचे चिरंजीव, ज्यांना दुकानात झाडू मारायचा कंटाळा, ते एकाएकी त्या फळीवरची धूळ पुसायला लागले. पुढचं तुला माहीत आहे. भांडून घरात आलेली सून मी एकच पाहिली.

ह्यांचं एक म्हणणं होतं. गिऱ्हाईक भांडतंय तोवर ते आपलं, गप्प झालं की गेलं. अगदी खरं. दुकान बंद केलं तेव्हा ज्यांची पावलं कधीची दुसरीकडे वळली होती ते येऊन म्हणाले, तुम्ही आम्हाला वाऱ्यावर सोडलंत. दुखण्यात न फिरकलेले पाहुणे खांदा द्यायला पुढे, तसे. पण त्याआधी ते कसे गेले ते आम्हाला कळलंही नाही, कारण कुणी तक्रारच केली नाही. मला ते शहाणपण घरात वापरता आलं नाही बघ. तुम्ही दोघं पडद्यांच्या रंगावरून, मिठावरून, माझ्या औषधांच्या वेळांवरून कडाकडा भांडायचात तेव्हा मी देवाला हात जोडायचे, की थांबव बाबा यांना. मग एक दिवस तुम्ही खरंच थांबलात. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. तेव्हाच ओळखलं मी.

असो. त्या पोरीनं सांगितलं, पडद्यावर 'विनंती पाठवा' असं बटण आहे, ते दाबा, खातेदाराच्या फोनवर निरोप जाईल. खातेदार म्हणजे आमचे चिरंजीव, असंच मी इतकी वर्षं धरून चाललेली. दाबलं बटण. मग त्याला फोन केला, म्हटलं, निरोप आला असेल, हो म्हण, माझ्या मेंढ्या खोळंबल्यात. त्यानं कुठलं बटण ते दोनदा विचारलं. मग म्हणाला, "आई, ते खातं माझं नाही. तिचं आहे. मी तर केव्हाच बाहेर पडलो. तू अजून आत आहेस हे मलाच माहीत नव्हतं."

सूनबाई, पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. राग नव्हता गं, कोणत्या नात्यानं लिहू हेच सुचेना. आणि माझ्याकडून तुला गेलेला पहिला निरोप काय, तर मला टीव्ही बघू दे. मी टीव्हीवर चादर घातली. पोस्टमास्तर वर्तमानपत्र मागायला आले तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना बटण दाबलं गेलं आणि पडदा उघडला. 'आई' अशी अक्षरं, शेजारी तू लावलेलं मांजराचं चित्र, आणि मेंढ्या जिथे सोडल्या होत्या तिथेच उभ्या. मी पुन्हा त्या नंबरावर फोन केला, नशिबानं तीच पोरगी लागली. तिनं पाहून सांगितलं, खातेदारानं तुम्हाला ठेवून घेतलंय, घराबाहेरची सदस्य म्हणून. त्याला वेगळे पैसे पडतात, आजी. नात्याच्या रकान्यात 'आई' असं भरलंय. मग ती पोरगी आपणहून म्हणाली, आज सकाळपासून पहिलाच फोन आहे ज्यात कुणी रडतंय पण ओरडत नाही.

मी टीव्हीसाठी रडले नाही, हे तुला सांगायला नको. तुला एका बोटानं 'नाही' म्हणता आलं असतं, आणि कुणी तुला नावं ठेवली नसती, मी तर मुळीच नाही. कुणाला न सांगता, उपकाराचा एक शब्द न काढता तू ते केलंस. ह्यांच्या आजारपणातही तू अशीच वागलीस. रात्रपाळी करून यायचीस आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून झोपायचीस, पण घरी जाते असं म्हणायची नाहीस. माझ्या पोटच्या पोरानं चुकून काही पुण्य केलं असेल तर ते तुला घरात आणलं एवढंच. ते त्याला जपता आलं नाही, त्याचं त्यालाही दुःख आहे.

आता पत्राचं कारण सांगते. तुझ्या आईनं परवा फोन केला. चाचरत चाचरत सांगितलं की तू पुन्हा लग्न करते आहेस, माणूस शाळेत विज्ञान शिकवतो, स्वभावानं शांत आहे, आणि मांजरीनं त्याला पसंत केलंय. मी त्यांना म्हटलं, मांजरीची पसंती मिळाली म्हणजे सगळंच जमलं. मनापासून आनंद झाला, त्याला मी कशाचीही शपथ घ्यायला तयार आहे. चिरंजीवांनाही सांगितलं. खाली बघत बरं झालं म्हणाले, आणि जाताना म्हणाले, आई, आता ते खातं सोड, मी तुला नवं काढून देतो, त्या माणसाच्या पडद्यावर तू कशाला? बोलणं चुकीचं नाही. पण दिलं तू आहेस, तर परत करायचं का हे तुलाच विचारायला हवं, मध्ये तिसऱ्याचं काय काम? कंपनीनं तुला विचारलं की ही बाई तुमची कोण, तेव्हा तू एकटी होतीस आणि निरोप अचानक आला होता. आता तुझं नवं घर होतंय, त्यात दोघांचं मत आहे, म्हणून मीच सरळ विचारते. मी राहू का? त्यांच्याशी बोल, नीट विचार कर. नको म्हणालीस तर माझ्या मनात तीळभर किल्मिष यायचं नाही, आजवर तू दिलंस तेच इतकं आहे की ते जन्मभर पुरेल. दोन ओळी पुरेत, पण लवकर लिही. मेंढ्यांचं काय, त्या कुठेही चरतील. वाट मी तुझ्या पत्राची बघते.

तुझीच,
अजून तरी,
आई