सहावी बरणी

प्रिय डॉक्टरीणबाई,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. प्रयोगासाठी तू स्वयंपाकघरातून माझ्या सहा काचेच्या बरण्या नेल्यास आणि परत आल्या पाच. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाच्या घरात तेवढीच काय ती स्थावर-जंगम मालमत्ता; तिचा असा अपहार कोणत्याही शास्त्राला संमत नाही.

सहावी काल सापडली. तुझ्या कपाटात, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली. चिठ्ठी तुझ्याच अक्षरात: ‘हिरवा माउथवॉश, नव्वद दिवस.’ आत दात सरळ करायची तार. दुसऱ्या माउथवॉशच्या बाकी पाच बरण्यांतल्या तारा चकचकीत निघाल्या म्हणून तू फोनवर नाचली होतीस. ही काळवंडलेली, खड्डे पडलेली. चिमट्याने उचलली तर कट्‌कन मोडली.

तुझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा मीच तपासला होता. त्यातल्या तक्त्यात सहा ओळी होत्या, छापील प्रतीत पाच. जन्मभर मुलांना अक्षराचा लोप शिकवला, पण अख्खी ओळ लोपलेली प्रथमच पाहिली! तुझे मार्गदर्शक सर म्हणाले असतील, बरणी दूषित झाली असेल, सोडून द्या. हिरव्या बाटलीवाल्यांनी तुमच्या प्रयोगशाळेला यंत्र भेट दिलंय. मग दूषित बरणीच होणार, यंत्र थोडंच! आणि तू मान डोलावलीस. माझी चूक भर वर्गात दाखवणारी तू!

तेही मी गिळलं असतं. मुख्याध्यापकांपुढे मीही कमी वेळा गप्प बसलेलो नाही. पण धाकटीच्या दातांवर तशीच तार आहे, आणि प्रयोगाआधी ती हिरवी बाटली तूच तिला कौतुकाने आणून दिलीस. ताईने सांगितलं म्हणून पोरगी सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून चूळ भरते. निकाल हाती आल्यावर एक फोन करायचा होतास. मागच्या सुट्टीत तर तू आरशासमोर तिच्या मागेच उभी होतीस, ती चूळ भरत असताना. तेव्हाही तोंडातून शब्द नाही?

मंगळवारी जेवताना तिची तार तुटून गालात घुसली. रक्त पाहून तुझी आई कापसाचा बोळा घेऊन धावली. धाकटी मात्र तोंडात बोळा धरून मलाच विनवत होती, “बाबा, ताईला सांगू नका हं. तिला वाटेल, मी नीट चूळ भरली नाही.”

बाटली मी मोरीत ओतली. बरणी माझ्या टेबलावर आहे.

राग उतरेल. लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. हे वाचून तू फोन करशील. आधी काय विचारशील, धाकटीचा गाल कसा आहे, की बरणी आणखी कोणी पाहिली? मला सांगता येत नाही, ताई. पूर्वी आलं असतं.

अजूनही तुझाच,
बाबा