ओवीचा डावा हात

६ जाने., मंगळ.
रुबीनाची अमायरा आज अंगणवाडीच्या सतरंजीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेली. सात महिन्यांची पोर! मी टाळ्या वाजवल्या, वजन घेतलं, रजिस्टरला लिहिलं. मग आज सोबत आणलेल्या आमच्या ओवीला हौसेनं तिच्या शेजारी पालथं ठेवलं. ओवीला आठ महिने पूर्ण झाले. तिनं हात छातीखाली घेतले, तोंड सतरंजीत खुपसलं आणि पडून राहिली. उठायची खटपटसुद्धा नाही.
मला घाम फुटला. सहा वर्षं गावातल्या आयांना चित्रं दाखवून सांगतेय, पालथं ठेवा, हातावर जोर येऊ द्या. आणि माझ्याच घरी हे.

७ जाने., बुध.
दुपारी न सांगता घरी गेले. ओवी झोळीत. सासूबाई शेजारी हरभरा निवडत बसलेल्या.
"सकाळपासून झोळीतच?"
"खाली ठिवलं की रडती. झोळीत कशी गप पडती बिचारी."
नऊ ते चार. रोज. हात हलवायला जागा कुठंय त्या लुगड्यात? मी उभीच राहिले. रात्री ह्यांना सांगितलं तर हसले. "तू गावाची ताई, घरची कोण?" झोंबलं, कारण खरं होतं.
आजपासून झोळी फक्त झोपेला. बाकी पालथं, दिवसातून चार वेळा.

९ जाने., शुक्र.
पालथं (पा.) २ मि. रडली. पा. २ मि. रडली. पा. ३ मि. ओकली.
टॉवेलची गुंडाळी करून छातीखाली ठेवली, समोर स्टीलची वाटी. वाटीत स्वतःचं तोंड दिसलं की मान उचलते. चला, आरसेवाली आहे, आईवर गेली.
शेवंताबाई न्हाऊ घालायला येतात, ओवी दहा दिवसांची होती तेव्हापासून. माझा खटाटोप बघून म्हणाल्या, "लेकी, आत्तापासूनच शाळंत घालून राहिलीस काय?" म्हटलं, मालिश जरा हळू करा. "तुझ्या नवऱ्यालाबी म्याच रगडलंय. कुठं मोडलाय का बघ!"
हे मोरीजवळून पळाले.

१३ जाने., मंगळ.
पा. ६ मि.! कोपरं टेकून छाती उचलली. अर्धा मिनिट असेल. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.
आणखी एक व्यायाम सुरू केलाय, मोबाईलवर बघितला. उताणं ठेवायचं, दोन्ही मनगटं धरायची आणि ओढून बसतं करायचं. दहा वेळा. तिला आवडतो, खिदळते. शेवंताबाई बघत होत्या. काहीतरी बोलणार होत्या, बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, आता नवीन पद्धती आहेत.

१७ जाने., शनि.
लिहवत नाही.
आज बोरन्हाण. पंधरा-सोळा बायका, त्यांची पोरं. ओवीला काळं झबलं, हलव्याचे दागिने. सा.बाईंनी डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. पोरं तुटून पडली. अमायरा रांगत येऊन ओवीच्या मांडीवरचं बोर उचलून गेली.
ओवीनं उजव्या हातानं एक चुरमुरा धरला. डावा हात उचललाच नाही. नुसता बाजूला लोंबत होता, तळवा आत वळलेला. मी उचलायला गेले तर किंचाळली. अशी किंचाळी मी तिची ऐकलेली नाही.
शेवंताबाई दाराशी बसून हलवा खात होत्या. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तुमचं काम आहे. किती वेळा सांगितलं, रगडू नका. माझ्या लेकराचा हात पिळून ठेवलात तुम्ही."
शेवंताबाईंनी हातातला हलवा ताटलीत ठेवला.
"म्या न्हाई, लेकी."
"उद्यापासून येऊ नका."
त्या उठून गेल्या. पदराला हात पुसत गेल्या.

१८ जाने., रवि.
दवाखाना बंद. ओवीचा हात गमछ्यानं छातीशी बांधला. दूध पिते, झोपते, हात हलवत नाही. पालथं बंद.
मागल्या गल्लीची पुष्पा आली होती. तिच्या लेकीचं बाळंतपण झालंय, शेवंताबाईंना तिनं नाही म्हणून सांगितलं. रुबीनाच्या जाऊबाईंनीही. "तुमी सांगितलं म्हंजी बराबरच असंल ना, ताई."
खोटं कशाला लिहू? ऐकून बरं वाटलं.

१९ जाने., सोम.
पहिल्या एस.टी.नं वसमत. लेकरांचे डॉक्टर.
त्यांनी कोपर धरलं, तळवा फिरवला, हात दुमडला. बारीक कट् झालं. ओवी एकदा ओरडली, बस. दहा मिनिटांनी त्यांच्या टेबलावरचा पेन तिनं डाव्या हातानं ओढला. मी आणि हे एकमेकांकडं बघत राहिलो. हात गेला म्हणून दोन रात्री रडत होतो आम्ही!
मग डॉक्टरांनी विचारलं, "मनगट धरून कुणी ओढलं होतं का? झटका बसला की या वयात कोपरातलं हाड सरकतं."
मी म्हटलं, मालिशवाली.
"तेलाच्या हातातून मनगट निसटतं हो. सहसा कोरड्या हातानं, घट्ट धरून ओढलं की होतं. त्या दिवशी हात शेवटचा कधी हलवला होता तिनं?"
मला आठवलं. सकाळी, न्हाताना. दोन्ही हातांनी घमेल्यात पाणी उडवत होती, माझं पातळ भिजवलं. मग शेवंताबाई गेल्या. मग पाहुण्यांची घाई होती म्हणून ओढून बसवायचे दहाच्या दहा मी भरभर उरकले. सातव्याला ती रडली. मी म्हटलं, आळशी कुठली, आणि आठवा ओढला.
डॉक्टरांना हे काही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. एस.टी.त हे पेरू कापून देत होते, मी फोडी पदरात ठेवत होते.
मी केलं. मी.

२० जाने., मंगळ.
रजा टाकली. सा.बाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, कपाळावर हात मारतील, चार शिव्या देतील.
त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "म्हाईत हाय."
"काय माहीत आहे?"
"तू वढलीस अन् पोरगी रडली. म्या दारातून बघितलं व्हतं."
"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? शेवंताबाईंना मी इतकं..."
"काहून बोलू? झोळीवरून बोल्लीस तवा म्या अडाणी ठरले. तू शिकल्याली. वाटलं, तुला बराबर ठाऊक असंल."
तव्यावरची भाकरी करपली. दोघींनीही उलटली नाही.
मग म्हणाल्या, "आता कुनाला सांगू नको. तुझ्या नोकरीत बायका ऐकायच्या न्हाईत तुझं. शेवंताचं काय, चार दिस बोलतील अन् इसरतील."
भीती वाटली, कारण हेच मी मनात कालपासून म्हणत होते. शब्दसुद्धा तेच.

२१ जाने., बुध.
गेले. ओवीला कडेवर घेऊन.
शेवंताबाई अंगणात एकट्याच होत्या, काही काम नाही. या वेळेला त्या तीन घरं करून चौथ्याला असतात. ओवीनं त्यांना बघून दोन्ही हात पुढे केले. त्यांनी घेतलं नाही. पदरात हात गुंडाळून बसल्या.
मी सांगितलं. सगळं, सातव्या-आठव्यासकट. माफी मागितली. पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले त्यांनी.
"मला काय सांगतीस, ताई?" नेहमी लेकी म्हणतात. आज ताई. "म्या केलं न्हाई, हे मला पयलेच ठाऊक हाय. ज्यांच्या म्होरं बोल्लीस, त्यांना सांग."
चहाही विचारला नाही. वाजवीच होतं.
घरी येईपर्यंत रडले. कोणाचा राग येतोय तेच कळेना.

२२ जाने., गुरु.
डॉक्टर पालथं ठेवा म्हणाले होते, ओढू मात्र नका. उचलायचं ते काखेत हात घालून. माझ्या पोटावर पालथं घेतलं. ती हातांवर उठली, सरळ कोपरांनी, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पा. ८ मि. दोन्ही हात सारखे. मी मोजत होते आणि आनंद होत नव्हता.
उद्या अंगणवाडीत माता बैठक. विषय आधीच ठरलेला: बाळाची हालचाल, रांगणे. बोलणार मी. बोरन्हाणाच्या बहुतेक सगळ्या येतील. ह्यांना आज सांगितलं. म्हणाले, "बोलल्यावर तुला ठेवतील ना कामावर?" मला माहीत नाही. चुकलं म्हणून काढत नसतील. पण उद्यापासून मी 'असं करा' म्हटलं की कोण करेल?
शेवंताबाईंना निरोप पाठवलाय, बैठकीला या म्हणून.

२३ जाने., शुक्र.
बैठकीच्या आधी. सतरंजी टाकली, चित्रांचा तक्ता लावला. चौदा जणी आल्यात. पुष्पा पुढेच बसलीय, रुबीना तिच्या मागं. ओवी मधोमध पालथी, हातांवर. पुष्पा म्हणाली, "ताई, झाला की हात बरा! त्या म्हातारीला बंद केलं ते लई बेस केलं."
हसल्या सगळ्या. मीही हसले. सवयीनं.
शेवंताबाई आल्या आहेत. दारातच उभ्या. आत या म्हटलं.
"हितंच बरी हाय," म्हणाल्या. "तू बोल."