ताईची बावीस वाक्यं

तीर्थरूप ताईस, धाकटीचा (म्हणजे तुझ्या धांदरटीचा) वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून औषधाची बाटली कपाटामागे लपवतात? माझी तब्येत उत्तम. फक्त दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्यात, त्याचं कारण शेवटी सांगते. आत्ताच पानं उलटून शेवट बघू नकोस. (तू बघणारच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं हेच करायचीस आणि वर मला शेवट सांगून टाकायचीस.)

आमची शब्दकोशाची कचेरी तू पाहिलेली आहेस. लांबट खोली, चार टेबलं, खिडकीपाशी संपादकसाहेब आणि भिंतभर लाकडी खण. त्या खणांत कार्डं. एका इंग्रजी शब्दाला एक कार्ड, त्यावर मराठी अर्थ आणि एक उदाहरण. साहेबांचा दंडक असा, की उदाहरण मनानं रचायचं नाही, कुणीतरी कधीतरी खरोखर बोललेलं पाहिजे. म्हणून कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवायचं, कोण बोललं, कुणाला आणि कशावरून. ही मागची बाजू फक्त आमच्या माहितीसाठी, ती छापायची नसते. (हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

तर या खेपेला साहेबांनी माझ्या वाट्याला काय द्यावं? रागावण्याचे शब्द! इंग्रजी म्हणजे प्लीज आणि सॉरीची भाषा असा माझा आपला समज. छे गं! स्कोल्ड, चाइड, रिब्यूक, रेप्रिमांड, बरेट, कॅस्टिगेट, लॅम्बास्ट... मोजून तेवीस निघाले. आपणही काही कमी नाही म्हणा. झापणं, खडसावणं, फैलावर घेणं, हजेरी घेणं, वाभाडे काढणं, खरडपट्टी, कानउघाडणी, शिवाय बिनपाण्याची हजामत आहेच. पण कोणाची जोडी कोणाशी लावायची? चाइड म्हणजे मायेनं दटावणं. बरेट म्हणजे एका जागी उभं करून झापतच राहणं. लॅम्बास्ट म्हणजे वाभाडे, तेही शक्यतो चारचौघांत. इतपत जमलं. पण खरी उदाहरणं आणायची कुठून? मी डोळे मिटले, तर तू समोर उभी. कमरेवर हात ठेवून!

मग काय, लेखणी थांबेचना. चाइडला लिहिलं, ‘अगं, केस पुसलेस की नुसते ओले करून आलीस?’ बरेटला लिहिलं, ‘गणितात नऊ? नुसती बोटं मोजली असतीस तरी दहा झाले असते!’ लॅम्बास्टला बसच्या रांगेतलं आठवलं, ‘ही सहावी छत्री! डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही बसमध्ये विसरून आली असतीस.’ (रांगेतल्या एका आजोबांनी तेव्हा स्वतःची छत्री गपचूप घट्ट धरली होती.) अ‍ॅडमॉनिशला, म्हणजे समज देण्याला, ‘रस्ता ओलांडताना ढगांकडे बघत चालू नकोस.’ मागे टीप लिहिली, ताई, मला, वय वर्षं चव्वेचाळीस. आणि कॅस्टिगेटला, ‘एकशे तीन ताप आणि मला कळवलं नाहीस? मी काय मेले होते?’ तेव्हा तू दारातूनच सुरू झाली होतीस. तीन दिवस माझ्या कपाळावर घड्या ठेवत बसलीस आणि तिन्ही दिवस तोंडाचा पट्टा चालू होता. इतकं बरं मला आजारपणात कधी वाटलं नाही.

बावीस कार्डं एका दुपारी भरली आणि गेली टाइप करायला. टाइप करणाऱ्या बाई नवीन. कुणी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनी कार्डाची पुढची-मागची दोन्ही अंगं निष्ठेनं टाइप केली. प्रूफं आली तर पानभर तू! प्रत्येक शब्दाखाली, ‘ताई, मला, न्हाणीघराच्या दारात.’ ‘ताई, मला, बसच्या रांगेत.’ अख्ख्या कचेरीनं वाचलं. प्रूफं तपासणारे गृहस्थ एरवी स्वल्पविरामाशिवाय कशाबद्दल बोलत नाहीत, ते डोळे पुसत हसले. आता रोज सकाळी मला विचारतात, काय म्हणतात तुमच्या ताई? आणि मला सांगावं लागतं, ‘ठीक आहे’ म्हणतात.

कारण आठ महिने तू दुसरं काही म्हणतच नाहीस.

घर बदलताना आईचं शिवणाचं मशीन मी पुस्तकबांधणीवाल्या बाईंना देऊन टाकलं, तुला न विचारता. ज्या मशीनला आई फक्त तुला हात लावू द्यायची, ज्यावर तू माझा पहिला फ्रॉक शिवलास (एक बाही लांब, एक आखूड, आणि मी तो फाटेपर्यंत घातला), ते मी ‘धूळ खातंय’ म्हणून काढून टाकलं. तुला सांगायला फोन केला तेव्हा सवयीनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता. आणि तू शांतपणे म्हणालीस, बरं झालं, जागा मोकळी झाली. तेव्हापासून बरं, ठीक आहे, तुझी मर्जी. परवा तर फोन ठेवताना मला थँक्यू म्हणालीस. ताई, मला! मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तेविसावं कार्ड अपब्रेडचं. म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल त्याला बोल लावणं, जाब विचारणं. ते कोरंच राहिलं. आयुष्यात एकदाच मी खरी बोलणी खाण्यासारखं वागले आणि नेमकं तेव्हाच तू काही बोलली नाहीस. मी साहेबांना विचारलं, माणूस रागावलंय आणि रागवत नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात? त्यांनी दोन जाडजूड कोश चाळले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, इंग्रजीत सापडत नाही, मराठीतही आठवत नाही. मग मला अर्धा दिवस रजा दिली, मी मागितली नव्हती तरी.

चुकलं गं माझं. मशीन तुझं होतं. आईनं तोंडानं तसं कधी म्हटलं नाही, पण ते तुझंच होतं, आणि मला ते माहीत होतं. तेव्हा कृपा करून अपब्रेडसाठी एक खणखणीत वाक्य पाठव. एका वाक्यासाठी सगळं पान अडलंय.

भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
धांदरट

ता. क. पान अडलंय ही थाप आहे. मागच्या बाजू काढून टाकून ते पान गेल्या मंगळवारीच छापायला गेलं. अपब्रेडला साहेबांच्या बायकोचं वाक्य मिळालं (साहेबांना, ओला टॉवेल पलंगावर टाकल्यावरून). कोशाला तुझ्या वाक्याची गरज नाही. मला आहे.

ता. क. २. मशीन परत आणलंय. बांधणीवाल्या बाई एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत, उलट पुसून दिलं. पलंग आणि दार यांच्यामध्ये ठेवलंय, दुसरीकडे कुठे मावतच नाही. येता-जाता त्याच्यावरच आपटते. नडग्यांचं कारण हेच. ते आता तुझ्याकडे कसं पोचवायचं ते तू सांगशील तसं.

ता. क. ३. जिन्यात माझ्या हातातून निसटलं आणि लाकडी झाकणाचा एक कोपरा उडाला. हो, एकटीच चढवत होते. हो, कुणालाही हाक न मारता. हो, पायात त्याच गुळगुळीत सपाता होत्या, ज्या फेकून दे म्हणून तू दोन वर्षं सांगत होतीस. रविवारी दिवसभर घरीच आहे. फोन कर. या वेळी रिसीव्हर कानाला लावूनच ऐकेन.